ताळेबंदाच्या पुढे: गावच्या भूजलाचं मॉडेल गावासोबत कसं बांधावं

गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला की शेततळं जमेच्या बाजूला बसतं. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, एकास एक उताराचं तळं म्हणजे सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २.२ टीसीएम साठा (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). शंभर तळी म्हणजे २२० टीसीएम. कागदावर गाव सुखी दिसतं. प्रत्यक्षात तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल आणि ते ऑक्टोबर ते डिसेंबर विहिरीतून मोटर लावून भरलं जात असेल, तर ते पाणी नवं नव्हेच. सगळ्यांच्या खडकातलं पाणी एकाच्या तळ्यात आलं आणि उन्हात वाफ होत राहिलं, एवढंच झालं. दिवसाला सरासरी सहा मिलिमीटर धरले, तर दीडशे दिवसांत ९०० मिलिमीटर पाणी उडतं. साधारण ७५० चौरस मीटर पृष्ठभाग धरला तर ६७५ घनमीटर, म्हणजे भरलेल्या पाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

२०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेचा हेतू वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवण्याचा होता. हेतूत खोट नव्हती. खोट अशी की शेजाऱ्याचं तळं भरताना पाहून आपणही भरावं हे वागणं कोणत्याच ताळेबंदात मांडलेलं नसतं. ताळेबंद बेरीज-वजाबाकी करतो. माणसं एकमेकांकडे बघून वागतात, आजच्या वागण्याचा परिणाम तीन वर्षांनी उलटून येतो आणि उपायच आजाराला खतपाणी घालतो, हे त्याला दिसत नाही. जटिल व्यवस्थांच्या अभ्यासपद्धती नेमक्या यासाठीच आहेत. भूजलतज्ज्ञ, कृषितज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, संगणकावर मॉडेल बांधणारे आणि गावकरी यांनी मिळून दख्खनच्या बेसॉल्टवरच्या (काळ्या कातळावरच्या) एका गावासाठी असं मॉडेल, म्हणजे संगणकावर चालवून बघायचा गावाच्या पाण्याचा हिशोब, बांधायचं ठरवलं, तर ते कसं करावं, हे इथे सांगितलं आहे. आकडे १,००० हेक्टर शिवार, ५०० मिलिमीटर पाऊस आणि २,००० लोकवस्तीच्या नमुना गावाचे आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून गणित पुन्हा करा.

आधी प्रश्न, मग सॉफ्टवेअर

‘गावाच्या पाणीप्रश्नाचं मॉडेल’ असं काही नसतं. मॉडेल एका प्रश्नाचं असतं, आणि त्या प्रश्नावर गावाला स्वतः काही ठरवता आलं पाहिजे. ‘हवामानबदलाचा परिणाम काय?’ हा प्रबंधाचा विषय झाला. ‘शेततळी विहिरीतून भरण्याची तारीख आणि संख्या बांधून घेतली, तर एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या विहिरीला पाणी टिकेल का?’ हा ग्रामसभेचा विषय आहे. असा एक प्रश्न हाती येईपर्यंत संगणक उघडू नका. पहिले दोन महिने यातच जातात आणि ते जाऊ द्यावेत. या कामात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: मॉडेल बांधणाऱ्याला एक हत्यार येत असतं आणि तो त्या हत्याराला साजेसा प्रश्न गावात शोधत बसतो.

प्रश्नाबरोबर हद्दही ठरवा. महसुली गावाची शीव आणि ओढ्याचं पाणलोट क्षेत्र क्वचितच एक असतं. वरच्या गावाचं पाणी आपल्याकडे झिरपत असेल तर ते आकड्यात धरायचं की दोन्ही गावांना बैठकीत बोलवायचं, याचा निर्णय सुरुवातीलाच घ्या. पुढे हद्द बदलली की सगळी मोजणी वाया जाते.

कालावधी किमान एक पूर्ण जलवर्ष, म्हणजे जून ते मे, अधिक आधीचे दोन-तीन आणि नंतरचे तीन महिने. दीड वर्षाखाली हे काम नीट होत नाही. बैठका पाच-सहा, प्रत्येक अडीच तासांची, माणसं बारा ते सोळा. निवड करताना ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे, विहीरवाले आणि फक्त बोअरवाले, बागवाले आणि जिराईतवाले, भूमिहीन, शेळ्या-मेंढ्या राखणारे, आणि घरचं पाणी भरणाऱ्या बाया एवढे तरी आले पाहिजेत. बायांची बैठक आधी वेगळी घ्या. पुरुषांसमोर ‘पाणी पुरतं’ म्हणणारी बाई वेगळ्या बैठकीत हंडे मोजून सांगते. वेळ ठरवताना दोन गोष्टी बघा: दूध डेअरीची वेळ, आणि त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा आहे की रात्री. लाइटच्या वेळेत बैठक ठेवली तर निम्मी माणसं दारं धरायला निघून जातात आणि उरतात ती ज्यांना मोटरच नाही.

आपल्या बाजूला कामं वाटून घ्या. चर्चा चालवणारा, ऐकून मॉडेलच्या भाषेत मांडणारा, शब्दशः टिपण घेणारा आणि गावातला एक विश्वासाचा माणूस, हे चौघे वेगवेगळे हवेत. एकच जण चर्चा चालवतो आणि आकृतीही काढतो, तेव्हा आकृती त्याच्या मनातली निघते.

गेल्या पंचवीस वर्षांची रेघ

पहिल्या बैठकीत भिंतीवर लांब कागद लावा. आडव्या अक्षावर वर्षं. वर्षांचे आकडे विचारू नका, खुणा विचारा: १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजून आहेत, त्याच्यानंतर २०१२-१३ आणि २०१५-१६चे टँकर, २०१८चा दुष्काळ, २०१९चा लांबलेला पाऊस. घरातलं लग्न, गावात डीपी बसली ते वर्ष, पहिलं बोअर कुणाच्या रानात लागलं, असं विचारलं की तारखा आपोआप जुळतात. मग एकाखाली एक चार रेघा काढून घ्या: उन्हाळ्यात विहिरीला किती परस (पुरुषभर खोलीचं माप) पाणी, बोअरची संख्या, कांदा किंवा बागेचं क्षेत्र, टँकरचे महिने. खडू गावकऱ्यांच्या हातात द्या.

या रेघांचा आकार हाच तुमचा खरा प्रश्न. पातळी एकसारखी उतरत गेली, की पायऱ्यापायऱ्यांनी, की चांगल्या पावसाला वर येऊन पुन्हा जास्त खोल गेली? तिसरा प्रकार दिसला तर समजा की चांगल्या वर्षी वाढलेली मागणी वाईट वर्षी कमी होत नाही. डाळिंब, मोसंबी, द्राक्ष लावलं की ते पुढच्या दुष्काळात काढून टाकता येत नाही. कांदा एका हंगामात सोडता येतो, बाग दहा-पंधरा वर्षं धरून ठेवते. मॉडेलमध्ये ही दोन क्षेत्रं कधीही एकत्र करू नका.

चक्रं काढणं

दुसऱ्या बैठकीत कारण-परिणामाची आकृती. पद्धत सोपी आहे, शिस्त अवघड. प्रत्येक चिठ्ठीवर असं नाम लिहा जे वाढू शकतं आणि घटू शकतं. ‘पाण्याचं नियोजन’ चालणार नाही, ‘रब्बी कांद्याचं क्षेत्र’ चालेल. ‘लोकांची मानसिकता’ नको, ‘शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागल्याच्या बातम्या’ हवं. दोन चिठ्ठ्यांमध्ये बाण. एक वाढली की दुसरीही वाढत असेल तर बाणावर अधिक, एक वाढली की दुसरी घटत असेल तर उणे. बाण फिरून मूळ चिठ्ठीशी आला की चक्र झालं. चक्रातले उणे मोजा. संख्या सम असेल (किंवा एकही नसेल) तर ते बळावणारं चक्र (बदल वाढवत नेणारं), विषम असेल तर सावरणारं (बदल रोखून धरणारं).

बोअरची चढाओढ घ्या. विहिरीची पातळी जास्त तर नवी बोअर कमी: उणे. बोअर जास्त तर उपसा जास्त: अधिक. उपसा जास्त तर पातळी कमी: उणे. दोन उणे, म्हणून बळावणारं. पातळी उतरली की बोअर वाढतात, बोअर वाढले की पातळी आणखी उतरते. याच्या शेजारी कर्जाचं चक्र येतं: बोअर फेल गेलं, कर्ज चढलं, फेडीसाठी नगदी पीक वाढवलं, पाणी आणखी लागलं, पुन्हा बोअर.

एक चक्र जवळपास प्रत्येक गावात निघतं, पण पाणीतज्ज्ञांच्या आकृतीत सहसा नसतं. लाइट कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून मोटरला ऑटो स्टार्टर बसवला. रात्री लाइट आली की फिडरवरच्या सगळ्या मोटरी एका क्षणी सुरू. व्होल्टेज पडतं, मोटर जळते, कधी डीपीच जळते. डीपी बदलून यायला दिवस लागतात, लाइटचा भरवसा आणखी जातो, उरलेलेही ऑटो बसवतात. शेताला पाण्याची गरज असो-नसो, मोटर चालूच राहते. हे चक्र सांगायला भूगर्भशास्त्र लागत नाही, पण उपशाचा आकडा यानंच ठरतो. म्हणून बैठकीला गावातला वायरमन असावा.

ठिबकही इथेच तपासा. पाटपाण्यानं हेक्टरी ५ टीसीएम घेणारा कांदा ठिबकवर ३.५मध्ये झाला, असं धरू. ६८ हेक्टरांवर (हा आकडा पुढे गणितात निघतो) १०२ टीसीएम वाचले. ते खडकात राहिले तर उत्तम. पण त्याच पाण्यात आणखी २९ हेक्टर भिजतात, आणि ज्याच्याकडे रान आहे तो ते भिजवतो. शिवाय पाटपाण्यातला जो भाग पुन्हा मुरत होता तोही आता मुरत नाही. ठिबक वाईट नाही. मात्र क्षेत्राची मर्यादा नसेल तर ठिबकनं गावाचा उपसा कमी होत नाही, आणि हे आकृतीवर स्वतःच्या हातानं बाण काढल्याशिवाय कुणालाही पटत नाही.

चिठ्ठ्या पंधरा-वीसच्या वर जाऊ देऊ नका. चाळीस चिठ्ठ्यांची आकृती सगळ्यांना मान्य होते, कारण तीत सगळ्यांचं सगळं असतं, आणि म्हणूनच ती कुणाच्या उपयोगाची नसते. जिथे परिणाम उशिरा येतो त्या बाणावर दोन आडव्या रेघा मारा आणि किती उशीर ते महिन्यांत किंवा वर्षांत लिहा.

मोजणी

आकृती झाल्यावर मोजायला निघा, आधी नाही. आकृती सांगते काय मोजायचं.

विहिरीची पातळी: १,००० हेक्टरांसाठी दहा-बारा विहिरी पुरतात, पण त्या ओढ्याकाठी, मध्यावर आणि माथ्याला अशा विखुरलेल्या हव्यात. कठड्यावर रंगानं खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. महिन्यातून दोनदा, त्याच तारखांना, मोटरी सुरू होण्याआधी. लाइट रात्रीची असेल तर सकाळी घेतलेली पातळी उपशानंतरची असते. म्हणून रजिस्टरमध्ये ‘मोटर बंद होऊन किती तास झाले’ असा एक रकाना ठेवा. हा रकाना नसलेली कितीतरी रजिस्टरं पुढे कामाला येत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चारदा होतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. जवळच्या अशा विहिरीची जुनी मालिका मिळवा. तुमच्या वर्षभराच्या नोंदींना वीस वर्षांचा आधार मिळतो.

मोटरचा उपसा: २०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ. ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर. आठ तास चालली तर १४४ घनमीटर. १५० मोटरी शंभर दिवस अशाच चालल्या असं धरलं तर २,१६० टीसीएम येतात, जे शक्यच नाही. म्हणून तास विचारा, आणि महिन्यानं विचारा. शेतकरी सांगतो, ‘दिवाळीला आठ तास चालते, शिवरात्रीला पाच, चैत्रात अर्ध्या तासात उपसते आणि पुन्हा साचायला चार तास.’ हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. पुढे मॉडेलमधला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता यातूनच निघतो.

पाऊस: गावात स्वतःचं पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला नोंद. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा सोबत ठेवा, पण त्यावर विसंबू नका. पाच किलोमीटरवर वळवाचा पाऊस कोरडा जातो.

पिकं आणि बोअर: सातबाऱ्याचा पीकपेरा आणि ई-पीक पाहणी यांवरून सुरुवात करा, मग शिवारफेरीत तपासा. बोअरची संख्या कागदावर नेहमी कमी असते. डीपीनिहाय जोडण्या मोजल्या की खऱ्याच्या जवळ जाता येतं. फेल गेलेले बोअरही मोजा. ते मॉडेलला यशस्वी बोअरपेक्षा जास्त सांगतात.

गणित

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर. आपल्या नमुना गावावर ५०० मिलिमीटर पडला की ५,००० टीसीएम. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये साधारण ६ ते ८ टक्के मुरतं असं धरतात. सच्छिद्र, सांधे असलेल्या थरात हे प्रमाण जास्त असतं. ८ टक्के धरले तर ४०० टीसीएम.

आता दुसऱ्या वाटेनं तपासा. खडकातून निघू शकणाऱ्या पाण्याचं प्रमाण झिजलेल्या बेसॉल्टमध्ये १ ते ३ टक्के असतं. १,००० हेक्टरांवर पातळी एक मीटर चढली तर १ टक्क्यानं १०० टीसीएम, २ टक्क्यांनी २००, ३ टक्क्यांनी ३००. तुमच्या विहिरी पावसाळ्यात सरासरी चार मीटर चढल्या आणि तुम्ही २ टक्के धरले तर ८०० टीसीएम येतात, पावसाच्या हिशोबाच्या दुप्पट. म्हणजे एक तर खडक १ टक्क्याचा आहे, किंवा पाणी धरणारा थर निम्म्याच शिवाराखाली आहे, किंवा मुरण्याचं प्रमाण जास्त आहे. विहीर खोदणाऱ्यांना विचारा: मुरूम किती फूट, मांजऱ्या (सच्छिद्र खडक) कुठे लागला, काळा पाषाण कुठे सुरू झाला. सोबत जुन्या विहिरींच्या उघड्या भिंती बघा. दोन वाटांचे आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. इथे मनाला येईल तो आकडा घालून मॉडेल ‘जुळवलं’ तर पुढचं सगळं खोटं ठरतं.

पिण्यासाठी माणशी ५५ लिटर धरले तर २,००० माणसांना वर्षाला ४० टीसीएम. हजार मोठ्या जनावरांना ५० लिटरप्रमाणे १८. उरले ३४२. कांद्याचे ६८ हेक्टर, किंवा अडीच टीसीएमवाल्या हरभऱ्याचे १३६. इथवर ताळेबंद आहे. अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी म्हणजे फक्त आठ हेक्टर कांद्याचं पाणी, एवढी एक ओळ बैठकीत फळ्यावर लिहून ठेवा. आणि आपली शंभर शेततळी याच ३४२मधून २२० टीसीएम उचलत आहेत, ही दुसरी.

यापुढे मॉडेल. ते साठे आणि प्रवाहांचं असतं. ही पद्धत अमेरिकन अभियंते जे राइट फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात एमआयटी या तंत्रसंस्थेत कारखान्यांच्या मालसाठ्यासाठी उभी केली, पण समजवायला घरावरची टाकीच बरी: वरून नळ, खालून तोटी, कडेनं गळती. महिन्याचा हिशोब असा:

पुढचा भूजलसाठा = आताचा साठा + मुरलेलं पाणी − उपसा − ओढ्याला गेलेलं पाणी.

चारही पदांना एकेक खाच आहे.

मुरलेलं पाणी पावसाच्या सरळ प्रमाणात नसतं. मीटरभर खोल काळी माती दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. ती भरल्यावर उरेल ते खाली जातं. ५००चे ३०० मिलिमीटर झाले की मुरणं चाळीस टक्क्यांनी नव्हे, त्याहून खूप जास्त घटतं. म्हणून पाऊस रोजचा घ्या आणि मातीचा एक छोटा साठा मध्ये ठेवा.

ओढ्याला जाणारं पाणी बहुतेक मॉडेलांत विसरतात. उथळ बेसॉल्टमधलं पाणी जानेवारीपर्यंत उताराकडे वाहत राहतं. पातळी ओढ्याच्या तळाच्या वर असेपर्यंत वरच्या साठ्याचा ठरावीक हिस्सा दर महिन्याला कमी करा. तो हिस्सा किती, हे ‘ओढा कोणत्या महिन्यात आटतो’ यावरून जुळवा. हे पद नसलं तर मॉडेल म्हणतं, उपसा थांबवा आणि पाणी साठत जाईल. तसं होत नाही.

उपसा = मागणी × साठ्याचा परिणाम. हा परिणाम म्हणजे शेतकऱ्याचं ते वाक्य: आठ तास, पाच तास, अर्धा तास. पूर्ण साठ्याला १, फेब्रुवारी-मार्चच्या साठ्याला ०.६, एप्रिलच्या साठ्याला ०.०६, रिकाम्याला ०. हा तक्ता घातला नाही तर साठा शून्याखाली जातो आणि मॉडेल हसं करतं.

आणि साठा एक नाही, दोन ठेवा: उथळ आणि खोल. बोअरला वरचे काही फूटच केसिंग (भिंत धरणारा पाइप) असतं. खाली ते उघडं असतं आणि वरच्या थराचं पाणी खालच्या थरात उतरवतं. म्हणजे प्रत्येक बोअर उथळ साठ्याच्या बुडाला पाडलेलं छिद्र आहे, मोटर चालो न चालो. विहिरी अचानक का आटल्या याचं उत्तर पुष्कळदा या गळतीत असतं.

यावर माणसांचे साठे: हंगामी बागायत क्षेत्र, फळबागेचं क्षेत्र, बोअरची संख्या, हवं तर कर्ज. हंगामी क्षेत्र गेल्या दोन-तीन वर्षांच्या अनुभवाकडे वर्षभरात सरकतं. नवे बोअर हे आटलेल्या विहिरींच्या संख्येच्या काही हिश्श्याइतके, गुणिले यशाचं प्रमाण. यशाचं प्रमाण फेल बोअरच्या मोजणीतून येतं. काळाची पायरी पाव महिना, धाव वीस वर्षांची. व्हेन्सिम या सॉफ्टवेअरची शैक्षणिक आवृत्ती किंवा ब्राउझरवर चालणारं इनसाइट मेकर यासाठी पुरे.

प्रत्येक शेतकरी वेगळा दाखवणारं मॉडेल, नेटलोगो या सॉफ्टवेअरवर करतात तसं, तेव्हाच घ्या जेव्हा ‘कोण’ हा प्रश्न महत्त्वाचा असेल: वरच्या अंगाच्यानं तळं भरलं तर खालच्याचं काय, कुणाचं पाहून कोण बोअर घेतं, नियम मोडणारे दहा असले तर नव्वद किती काळ पाळतील. अशा मॉडेलला आकडे आणि वेळ कितीतरी जास्त लागतो. दिसायला ते देखणं असतं म्हणून ते निवडू नका.

संगणकाआधी परातीतला खेळ

मॉडेल दाखवण्याआधीच्या बैठकीत हा खेळ घ्या. फ्रान्समधल्या सिराद संस्थेच्या संशोधकांनी १९९०च्या दशकापासून अशा खेळांना मॉडेलची जोड देण्याची पद्धत रुजवली आहे.

परातीत ६० हरभरे, हा खडकातला साठा. आठ खेळाडू. दर फेरीला प्रत्येकानं चिठ्ठीवर गुपचूप ० ते १० आकडा लिहायचा. क्रम चिठ्ठ्या उचलून ठरवायचा आणि त्या क्रमानं हरभरे आपापल्या वाटीत घ्यायचे, तेच उत्पन्न. परात रिकामी झाली की पुढच्यांना काही नाही. फेरीअखेर परातीत आठ हरभरे उरले नाहीत तर टँकर लागला, प्रत्येकानं वाटीतले दोन बाजूला काढायचे. मग पावसाचा फासा: एक-दोनला २० हरभरे भर, तीन-चारला ४०, पाच-सहाला ६०. शंभरच्या वरचे ओढ्यानं गेले. तिसऱ्या फेरीपासून पाच हरभरे मोजून ‘बोअर’ घेता येतं: बोअरवाला सगळ्यांच्या आधी आणि पंधरापर्यंत घेतो. पाच फेऱ्या बोलण्याला बंदी, नंतरच्या पाच फेऱ्यांआधी दहा मिनिटं चर्चा आणि हवा तो नियम करण्याची मुभा.

टिपण घेणाऱ्यानं प्रत्येक फेरीचा साठा तर लिहावाच, पण चर्चेतले शब्दही लिहावेत. ‘पाऊस बघून वाटून घेऊ’ म्हणणारे आणि ‘सगळ्यांना सारखे’ म्हणणारे यांच्यात इथेच फरक दिसतो. हे दोन वेगळे नियम आहेत आणि मॉडेलमध्ये दोन्ही वेगवेगळे चालवायचे आहेत.

तपासणी, आणि मग ग्रामसभा

टोकाच्या चाचण्या आधी. पाऊस शून्य केला तर साठा उतरत जाऊन थांबतो का? उपसा शून्य केला तर ओढा बारमाही होतो का, की साठा आभाळाला भिडतो? प्रत्येक पदाचं एकक दोन्ही बाजूंना सारखं आहे का? टीसीएम आणि मिलिमीटर एकमेकांत मिसळणं ही नेहमीची चूक. मग मालिकेचा पहिला भाग वापरून मॉडेल जुळवा आणि २०१८ आणि त्यानंतरची वर्षं झाकून ठेवा. २०१८चा दुष्काळ आणि त्यानंतरचा पाऊस मॉडेलनं न पाहता ओळखीच्या आकारात काढला तर विश्वास ठेवायला जागा आहे. आकडा तंतोतंत जुळायची गरज नाही. उतार, वळण आणि क्रम जुळला पाहिजे. शेवटी खडकातून निघू शकणाऱ्या पाण्याचं प्रमाण १, २ आणि ३ टक्के घालून तिन्ही वेळा चालवा. तिन्हींत जो नियम उपयोगी ठरतो तोच गावापुढे न्या. एकात तारतो आणि दुसऱ्यात बुडवतो तो नियम मांडताना तसं स्पष्ट सांगा.

ग्रामसभेत आलेख तीनच: आज आहे तसं चालू ठेवलं तर, क्षेत्राला मर्यादा घातली तर, आणि पावसाच्या आकड्यावर क्षेत्र ठरवलं तर. उभ्या अक्षावर टीसीएम नको, ‘पिण्याच्या विहिरीला पाणी किती महिने’ हवं.

पावसावर क्षेत्र ठरवण्याला नुसता कल्पनेचा आधार नाही. हिवरे बाजारला दर वर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत ताळेबंद मांडतात आणि त्यानुसार रब्बीची पिकं ठरवतात. सिंचनासाठी बोअर, ऊस आणि केळी यांवर बंदी आहे. चक्रांच्या भाषेत सांगायचं तर पाऊस आणि क्षेत्र यांच्यात गावानं स्वतः एक सावरणारं चक्र जोडलं, आणि बोअरबंदीनं बळावणारं चक्र तोडलं. दोन्ही एकत्र केलं म्हणून टिकलं. नुसतं क्षेत्र आवरून बोअर मोकळे सोडले तर तुमच्या मॉडेलमध्ये काय होतं ते चालवून बघा. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीनं पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणशी ठेवला आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. हा नियमही मॉडेलमध्ये घाला. साठ्यावर दोन्ही नियमांचा परिणाम सारखा दिसू शकतो, पण कुणाच्या वाट्याला किती येतं ते अगदी वेगळं निघतं. तो फरक दाखवणारा तक्ता लपवू नका, जरी त्यानं सभेत आवाज चढले तरी.

एक गोष्ट गावासोबतच्या करारातच लिहून ठेवा: कुणाच्या विहिरीची, कुणाच्या बोअरची नोंद नावानिशी बाहेर जाणार नाही. नकाशावर ठिपके हलवून दाखवा. दुष्काळात शेजाऱ्याच्या विहिरीला किती पाणी आहे हा आकडा भांडण लावायला पुरेसा असतो, आणि एकदा तसं झालं की पुढच्या महिन्यात कुणी टेप सोडू देत नाही. मोजलेलं सगळं मराठीत, छापील, ग्रामपंचायतीत राहिलं पाहिजे. शोधनिबंध त्याच्यानंतर.

प्रकल्पाचे पैसे संपण्याच्या सहा महिने आधी मोजणी गावाच्या हाती द्या. गावातली दोन माणसं, शक्यतो एक बाई आणि एक शाळकरी वयाच्या पुढचा तरुण, बारा विहिरी आणि पर्जन्यमापक सांभाळतील. त्यांच्या मानधनाची तरतूद ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधीच करून घ्या. त्यांच्याकडे दोन टेप (एक विहिरीत पडतोच), रंगाचा डबा, दोन वर्षांची कोरी रजिस्टरं आणि मॉडेलची एक साधी तक्त्यातली आवृत्ती असू द्या. तीत पावसाचा आणि ऑक्टोबरच्या सरासरी पातळीचा आकडा घातला की रब्बीचं क्षेत्र निघतं. पहिल्या ऑक्टोबरला ते आकडे त्यांनी घालावेत आणि तुम्ही शेजारी बसून नुसतं बघावं.